ड्यूटी लिस्ट आणि पाळणाघर

महोदय,

‘परिचारिका टिकत नाहीत’ ही रुग्णालयचालकांची तक्रार नेहमी वाचनात येते. मी गेली अकरा वर्षे मिरजेतल्या खासगी रुग्णालयांत स्टाफ नर्स आहे. टिकत नाहीत हे खरेच. पण का, ते आम्हाला कुणी विचारत नाही.

आधीच्या रुग्णालयात आठवड्याची ड्यूटी लिस्ट रविवारी रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर यायची. सोमवारी सातला मॉर्निंग लागली, तर जयसिंगपूरहून कशाने निघायचे, बाळाला कुणाकडे ठेवायचे, सगळे त्याच रात्री ठरवायचे. पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही की ‘आज तूच थांब’. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. दुपारनंतर दूध भरून यायचे, गणवेश ओला व्हायचा आणि मी छातीशी फाइल धरून राउंडला उभी राहायची.

अशाच एका डबल ड्यूटीत सकाळी सातला आलेली मी रात्री साडेआठला इन्सुलिन भरत होते. वायल (औषधाची बाटली) 100 ची, म्हणजे एका मिलिलिटरला 100 युनिट इन्सुलिनची, आणि हातात सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे मिलिलिटरला 40 युनिट धरून खुणा केलेली. त्या सिरिंजच्या खुणेवर भरून टोचले असते, तर आजोबांना अडीचपट डोस गेला असता. शेजारच्या सिस्टरने हात धरला. एरवी ही चूक माझ्याकडून होत नाही. महिनाभरात मी राजीनामा दिला.

आता जिथे आहे तिथे पगार जवळपास तितकाच आहे. (जाहिरात नको म्हणून नाव लिहीत नाही.) पण पुढच्या महिन्याची लिस्ट आदल्या महिन्याच्या 20 तारखेला लागते. भावाचे लग्न, मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे वर्षश्राद्ध, जे असेल ते आधी वहीत लिहिले की मेट्रन मॅडम शक्य तेवढे सांभाळून घेतात. नाइट संपल्या की दोन दिवस ऑफ, आणि त्या दोन दिवसांत वॉर्डातून फोन येत नाही.

तळमजल्यावर, लाँड्रीशेजारी, पाळणाघर आहे. एकच खोली, चार पाळणे, एक सतरंजी. तिथल्या मावशी इंटरकॉमवर सांगायच्या, “सिस्टर, तुमची उठली हो.” सोबतच्या सिस्टरला पेशंट सांगून मी खाली जायची, पाजून पंधरा मिनिटांत परत वर. लेकीने पहिले पाऊल त्याच सतरंजीवर टाकले. मी तेव्हा दारात होते.

यात उपकार कसले? मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. 26 आठवड्यांची रजा सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच दुरुस्तीत 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आहे, याचा मात्र विसर पडला. 12 मे रोजी परिचारिका दिनाला आम्हाला गुलाब मिळतो, केक कापला जातो. त्यापेक्षा लिस्ट वेळेवर लावा.

कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. रुग्णालयांच्या तपासणीला याल तेव्हा रजिस्टर पाहून झाल्यावर ‘पाळणाघर कुठे आहे, दाखवा’ एवढे म्हणा, आणि ती खोली उघडून पाहा.

– एक परिचारिका, मिरज