साहेब, भाषण झालं, आता सही करा

मा. सामाजिक न्याय मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
जय लहुजी, जय भीम.

पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या. परवा कुरिअरवाला पोरगा आमच्या एसटी स्टँडवर गाडी लावून फोनवर ओरडत होता, "ओ मांगवाडा कुठं आला, मांगवाडा?" टपरीवरची चार माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली, मग माझ्याकडं, कारण फोन माझ्याच हातात होता. त्या पोराची काय चूक, पाकिटावर जे छापलंय ते तो वाचणार. पार्सलमधे माझ्या पोरीची पुस्तकं होती. ती पुण्यात होस्टेलला असते आणि कुठलाही फॉर्म भरताना मला एकदा विचारते, "पप्पा, पत्ता आधारवरचाच टाकू का?" दरवेळी मी हो म्हणतो, दुसरं काय म्हणणार.

डिसेंबर 2020 मधे राज्याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं काढून टाकायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, ढोरवस्ती सगळं जाणार आणि त्याजागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं येणार. पेपरात वाचून आम्ही पेढे वाटले होते, खोटं कशाला बोलू. मांगवाड्याचं समतानगर करायचं असा ग्रामसभेत ठराव झाला, हात वर झाले, एकदोघांनी तोंड वाकडं केलं पण ठराव झाला. फाईल वर गेली आणि कुठल्यातरी टेबलावर बसली ती बसलीच, कुठलं टेबल ते मी इथं लिहित नाही, कारण मला कुणाची बदली करायची नाहीये, मला फक्त सही पाहिजे.

तुम्ही लोक भाषणात समाजसुधारकांची नावं घेता, त्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव कधीमधी येतं, जास्त करून येत नाहीच. मी त्यांच्याबद्दल बरंच वाचलंय आणि मला सारखं वाटतं की हा सहीचा प्रॉब्लेम आपल्याकडं फार जुना आहे.

त्यांच्याही आधीची गोष्ट सांगतो. 1849 ला मुंबईत दादोबा पांडुरंगांनी आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद व्हायचं तर जातीबाहेरच्या माणसाने भाजलेला पाव खायचा, जातीबाहेरच्याच हातचं पाणी प्यायचं. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पण सगळं गुपचूप, दार लावून! पुढं 1860 च्या सुमाराला सभासदांच्या नावांची यादीच कुणीतरी पळवली आणि सभा मोडली. नाव बाहेर आलं की घरी काय होईल, ही भीती. पाव पचला पण नाव पचलं नाही. नंतर 1867 ला दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला, हा मात्र उघड. रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं त्यात आली. एकच देव, मूर्ती नको, जात नको, तुकोबांचे अभंग म्हणायचे. विचार चांगलाच होता, पण प्रार्थना संपवून घरी गेल्यावर किती जणांच्या पंगतीत आमचा माणूस बसला हे विचारलं तर उत्तर अवघड आहे.

शिंदे त्याच समाजाचे प्रचारक. जमखंडीचे, मराठा घरातले, ऑक्सफर्डला जाऊन धर्माचा अभ्यास करून 1903 ला परत आलेले. बाकीच्यांसारखं गिरगावात बसून प्रवचन देता आलं असतं की! पण 1905 ला नगरजवळच्या भिंगारला ते रात्रीच्या वेळी अस्पृश्यांच्या सभेला गेले आणि पुढच्या वर्षी 18 ऑक्टोबरला परळला शाळा काढून डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही अस्पृश्यांसाठीची संस्था सुरू केली. बहीण जनाक्कासुद्धा कामाला लागली. पुण्यात नाना पेठेत मिशनचा अहिल्याश्रम उभा राहिला. 1917 च्या कलकत्ता काँग्रेसमधे अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला त्यामागं यांचीच धडपड होती.

आता माझ्या मुद्द्याचं. मार्च 1918 ला शिंद्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. लोकमान्य टिळक आले आणि जोरदार बोलले, अस्पृश्यता देवाला चालत असेल तर त्याला मी देवच म्हणणार नाही अशा अर्थाचं. टाळ्या पडल्या असणारच. मग जाहीरनामा पुढं आला, त्यात होतं की मी स्वतः रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर लोकमान्यांनी सही केली नाही. मला त्यांच्यावर चिखल उडवायचा नाही, त्यांच्या अडचणी असतील, लोक सांगतातही. पण शंभर वर्षांनी मी ते वाचतो तेव्हा भाषणापेक्षा ती कोरी राहिलेली जागाच डोळ्यासमोर येते.

शिंद्यांचं सगळंच आम्हाला पटतं असंही नाही. कायदेमंडळात आमचे प्रतिनिधी कुणी निवडायचे यावर 1920 च्या नागपूर परिषदेत बाबासाहेबांनी त्यांच्या मिशनला विरोध केला आणि बाबासाहेबांचं बरोबरच होतं, आमच्यासाठी दुसऱ्याने का ठरवायचं. पण या माणसाने स्वतःच्या जातीची, समाजाची नाराजी अंगावर घेतली आणि नाव लपवलं नाही, एवढं तरी मान्य करावंच लागतं.

साहेब, आमच्या वस्तीच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड आहे. गेल्या दिवाळीत पोरांनी वर्गणी काढून, पेंटरला सहाशे रुपये देऊन त्यावर निळ्या अक्षरात समतानगर लिहून घेतलं. जुनं नाव खालून अजून थोडं दिसतं, पेंटर म्हणाला दुसरा हात मारायला पाहिजे, त्याचे दोनशे वेगळे. ते आम्ही बघू. पण लाईट बिल, रेशनकार्ड, आधार, पोरीच्या कॉलेजचा पत्ता, यावर आम्हाला ब्रश फिरवता येत नाही, ते तुमच्याच हातात आहे. आणि ग्रामविकास खात्याकडं बोट दाखवू नका, निर्णय तुमच्या खात्याने आणला होता.

ठरावाची झेरॉक्स आणि फाईलचा नंबर स्पीड पोस्टाने वेगळा पाठवतोय. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात मी समतानगर लिहिलंय. तुमचं उत्तर त्या पत्त्यावर पोचतंय का बघू.

आपला,
समतानगरचा एक रहिवासी