बंदी दप्तरातल्या मोबाइलवर, गृहपाठ मात्र मोबाइलवरच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणावा की नाही, याविषयी पुन्हा चर्चा सुरू झाली असून बहुतेकांचा कौल सरसकट बंदीच्या बाजूने दिसतो. तास चालू असताना मुलांच्या हातात मोबाइल नसावा, याबद्दल माझे दुमत नाही. एकदा विचलित झालेले लक्ष पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे. आपल्याकडची तासिका असते पस्तीस-चाळीस मिनिटांची. म्हणजे दप्तरात वाजलेल्या एका संदेशापायी निम्मी तासिका हातची गेलीच. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांतून मोबाइल कायद्याने बाहेर काढला, तो उगीच नव्हे.

माझा आक्षेप निराळा आहे. सकाळी प्रवेशद्वारावर दप्तरे तपासणारी शाळाच संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या गटावर गृहपाठ पाठवते, तेव्हा त्या बंदीला काय अर्थ उरतो? शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने पालकांशी नेहमी बोलणे होते आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे ‘अभ्यास मोबाइलवर आलाय’ असे मुलाने म्हटले की नाही म्हणायची सोय राहत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून अभ्यास मोबाइलवर आला, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडून वर्षे लोटली, तरी ती तात्पुरती व्यवस्था मात्र मुक्कामाला राहिली, कारण ती सर्वांनाच सोयीची आहे. फळ्यावर लिहून, मुलांनी वहीत उतरवून घेतल्याची खात्री करण्यापेक्षा एक छायाचित्र गटावर टाकणे सोपे, आणि उद्या कोणी विचारलेच तर गृहपाठ दिल्याचा पुरावाही तयार. शिक्षकांना मी सर्वस्वी दोष देणार नाही. यूडायसच्या (शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीच्या) माहितीपासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सारे काही ऑनलाइन भरायला लावून त्यांच्या हातात मोबाइल कोंबला तो शासनानेच, आणि गुरुजींची मान दिवसभर पडद्यात खुपसलेली असते, हे मुले पाहतच असतात.

मुलांकडे मोबाइल अभ्यासासाठी जातो आणि त्याचे पुढे काय होते, हे ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्पष्ट दिसते. चौदा ते सोळा वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. याच पाहणीतील दुसऱ्या एका आकड्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मोबाइल वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, मुलींपैकी मात्र २७ टक्क्यांकडेच. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर रात्री आठला घरी येतो, तेथे तो आधी भावाच्या हाती जातो आणि बहिणीचा गृहपाठ उतरवायचा राहतो, हे खेड्यापाड्यांत वेगळे सांगावे लागत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या आरंभी दिलेल्या निर्णयात शाळांतील सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे म्हटले. वर्गात वापर नको, शक्य असेल तेथे मोबाइल जमा करून ठेवण्याची सोय असावी, शाळेच्या आवारात चित्रीकरणाला मनाई असावी आणि नियम ठरवताना पालकांशी विचारविनिमय व्हावा, अशी त्यातील तत्त्वे आहेत. एसटीने दूरच्या गावाहून येणाऱ्या मुलीजवळ फोन असणे आई-वडिलांना आवश्यक वाटते, त्यामुळे हा मधला मार्ग मला मान्य आहे. मात्र शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यातील गावांनी केला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बांशीच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, दंडही ठेवला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद ठेवण्याचा पायंडा पडला. मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात नियम मोठ्यांनाही लागू आहे. पण अशा गावातसुद्धा शाळेचा गृहपाठ नेमका सात वाजता गटावर येऊन पडला, तर भोंगा वाजवणाऱ्याने काय करावे?

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडचा दाखला देऊन मोबाइल हवाच, असे म्हणणारेही आहेत. ते कोड उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील चित्रफीत शिक्षकाने वर्गातल्या पडद्यावर सर्वांना एकदम दाखवावी. प्रत्येक मुलाने घरी एकट्याने पाहावी, ही अपेक्षा कशाला? प्रकल्पांच्या रंगीत छापील चित्रांबद्दल तर न बोललेलेच बरे. ती मोबाइलवर मूल शोधत नाही, आई शोधते.

तेव्हा नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होण्यापूर्वी शिक्षण विभागाने मोबाइलविषयी परिपत्रक काढायचे ठरवलेच, तर त्यातील पहिले कलम शाळांसाठी असावे. गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून द्यावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. गटावर केवळ सुट्टी, पालकसभा आणि वेळेतील बदल एवढेच कळवावे, तेही शाळेच्या वेळेत. या नियमाचे पालन होते की नाही, हे पाहण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावे. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या मुलांचे काय, असा प्रश्न शिक्षक हमखास विचारतील. त्या मुलांनी वर्गमित्राच्या घरी जाऊन वही मागून आणावी.

आपला,
एक पालक,
ता. कराड, जि. सातारा