आधी खिळे, मग सराव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला जिल्ह्याच्या क्रीडा विकासावरचा अर्धपानी लेख वाचला. संकुल, सिंथेटिक ट्रॅक, फ्लडलाइट, सगळं आलं. मैदान संध्याकाळी खेळायला मोकळं मिळतं का, एवढंच राहिलं.

मी २९ वर्षं शाळेत खो-खो शिकवला. निवृत्तीनंतरही पेठेतल्या मैदानावर पोरींचा सराव घेतो. दिवाळीनंतर तिथं पंधरा दिवस गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं. भाडं वसूल झालं, मंडप निघाला, खिळे राहिले. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक सुतळीला बांधून मी मैदानभर ओढत फिरलो, पोरी मागून वाकून वेचत होत्या. अर्धी बालदी भरली. तरी एक सुटलाच. खांबाजवळ सूर मारताना नववीतल्या पोरीच्या गुडघ्यात घुसला. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जिल्हा स्पर्धा आठ दिवसांवर! तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "मास्तर, मॅटवर खेळवा की." मॅट कुठाय, हे विचारायच्या आत त्यांना फोन आला. पूर्वी या मैदानाला एक माळी होता. रोज चारला पाणी मारून रोलर फिरवायचा. तो निवृत्त झाला, त्याची जागा काही भरली नाही.

लेखात राजर्षी शाहूंचं नाव तीनदा आहे. महाराजांनी खासबाग कुस्ती मैदान बांधलं, तसं मल्लांच्या खुराकाचंही बघितलं, ते मात्र एकदाही नाही. पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला धाडायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. ते १९५२ चं कांस्य. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं. ते जिंकणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण घडला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. तिथं रोज सराव, रोज प्रशिक्षक. पुढं पोटाला रेल्वेची नोकरी. यात फीत कापण्यासारखं काही नसतं, ही अडचण आम्ही समजू शकतो.

जाता जाता आणखी एक. त्या पोरीविना खेळूनही आमचा संघ जिल्ह्यात दुसरा आला. आपण चार ओळी छापल्यात, आभारी आहे. फोटोत पाहुणे पाच, पोरींची मागं नुसती डोकी. त्याच पानावर खाली त्या प्रदर्शनाची जाहिरात: 'लोकाग्रहास्तव पुन्हा सुरू'. हा लोकाग्रह कुणाचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर