दिव्याच्या तेलाच्या बाटलीवर फ्लॅश पॉइंट छापा

संपादक महोदय,

घरात लावायच्या दिव्यांसाठी जे तेल बाटलीबंद मिळते, त्यावर 'शुद्ध', 'धूररहित', 'सुगंधी' हे शब्द ठळक अक्षरांत असतात. ते किती रुंदीच्या वातीसाठी आहे आणि त्याचा फ्लॅश पॉइंट किती, हे मात्र अनेकदा शोधूनही सापडत नाही. खोलीत वास कोंडणार का, काच काळवंडणार का, हे पुष्कळसे याच दोन आकड्यांवर ठरते. म्हणून हे पत्र.

तेलावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला जमते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. थोडेसे पेट्रोल मिसळलेले रॉकेलही म्हणूनच जिवावर बेतते. स्पिरिटचा १२-१३ अंश, म्हणजे तेही वातीच्या दिव्यात नको. रॉकेलचा ३८ अंशांपासून पुढे, खास दिव्यासाठी शुद्ध केलेल्या पातळ पॅराफिन तेलाचा (हेही रॉकेलसारखे खनिज तेलच) साधारण ६५ च्या आसपास, दाट पॅराफिन तेलाचा ९०-१०० आणि वनस्पती तेलांचा ३०० च्या घरात. आकडा मोठा तितके तेल सुरक्षित, मग सर्वांत मोठ्या आकड्याचेच घ्यावे, असा विचार कुणीही करील. गफलत इथेच होते. आकडा वाढतो तसे तेल दाट होत जाते, आणि दाट तेल वातीतून वर चढत नाही.

वात तेल ओढते ती सुताच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून. पातळ रॉकेल या वाटेने वीतभर सहज चढते. वनस्पती तेल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर चढून थांबते. पॅरिसचा घड्याळजी कार्सेल याने १८०० साली दिव्याच्या तळाशी घड्याळाच्या यंत्रावर चालणारा पंप बसवला, तो याच अडचणीपायी: तेव्हाचे बियांचे तेल ज्योतीपर्यंत आपणहून पोचत नव्हते.

दाट पॅराफिन कंदिलात भरले तर काय होते ते नीट पाहावे. पहिला काही वेळ दिवा छान जळतो, कारण वात आधीच भिजलेली असते. मग ज्योत बसू लागते. जितके तेल जळते तितके खालून येत नाही, आणि कोरडी पडलेली वात स्वतःच जळायला लागते. वातीच्या कडेवर काळा, टणक थर धरतो. नखाने टोकरला तर कोळशासारखा तुटतो. उजेड कमी झाला म्हणून आपण वात वर चढवतो, काजळी धरते, आणि शेवटी दिवाच टाकाऊ ठरतो. दिव्यात काहीही बिघडलेले नसते. बारा ते पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या चपट्या वातीला ५० ते ६५ अंशांच्या दरम्यानचे पातळ तेल लागते. दाट पॅराफिन पाच-सहा मिलिमीटरच्या गोल वातीच्या छोट्या, शोभेच्या दिव्यात उत्तम चालते.

नावांचा घोळ निराळाच. 'पॅराफिन' हा शब्द रॉकेलला लावतात, दिव्याच्या शुद्ध तेलाला लावतात, मेणाला लावतात आणि पोट साफ करायच्या औषधालाही लावतात. औषधी लिक्विड पॅराफिन स्वच्छ, बिनवासाचे दिसते म्हणून कंदिलात घालू नये. ते फार दाट असते. डिझेल आणि टर्पेंटाइन यांचा तर विचारच नको. दोन्ही भरपूर काजळी सोडतात.

रॉकेलला वास येतो तो मुख्यतः गंधकामुळे आणि अ‍ॅरोमॅटिक घटकांमुळे, म्हणजे बेंझिनसारख्या वलयी रेणूंच्या द्रव्यांमुळे. हे अ‍ॅरोमॅटिक पूर्ण जळत नाहीत, त्यांचीच काजळी होते. अमेरिकी वर्गवारीतील १-के रॉकेलमध्ये वजनाने जास्तीत जास्त ०.०४ टक्के गंधक चालते, २-के मध्ये ०.३० टक्के, घरात जाळायचे तर पहिलेच. शुद्ध पॅराफिन तेलातून हे दोन्ही घटक जवळजवळ काढून टाकलेले असतात, म्हणून बंदिस्त खोलीसाठी तेच बरे. घरच्या घरी एक ढोबळ चाचणी करता येते. ज्योतीपासून दूर, हवेशीर जागी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवावा. पातळ, चांगले तेल उडून जाते. पारदर्शक तेलकट डाग उरला तर त्यात काहीतरी जड मिसळलेले आहे. थोडे तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवले, तर पाणी असल्यास तळाशी गोळ्यांसारखे थेंब दिसतात. वातीत शिरलेले पाणी तेलाची वाट अडवते आणि ज्योत तडतडते.

वनस्पती तेलाला दिवाच वेगळा लागतो: उथळ, उघडा, तेलाची पातळी ज्योतीच्या लगत ठेवणारा. एरंडेल आणि ऑलिव्ह तेल शांत जळतात. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजते. जवसाचे तेल हवेत चिकट होऊन वात घट्ट करते. ते टाळावे, आणि त्याने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात. वनस्पती तेलाचा दिवा विझवल्यावर नाकात झोंबणारा जो धूर निघतो, त्यात तेलातल्या ग्लिसरीनपासून बनणारे अ‍ॅक्रोलीन असते. फुंकर मारण्यापेक्षा वातीचे टोक चिमट्याने तेलात बुडवावे, धूर फारसा होत नाही.

रंग आणि अत्तर घातलेल्या तेलाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: घरात आणू नये. रंगाचे कण आणि अत्तरातली जड द्रव्ये वातीत साचतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ते मुलांना सरबत वाटते. पातळ तेलाचा एखादा घोटही फुप्फुसात उतरून जीव धोक्यात आणतो. असे झाल्यास उलटी करायला लावू नये, तडक रुग्णालय गाठावे. युरोपीय संघाने अशा रंगीत, सुगंधी दिवातेलाची सामान्य ग्राहकांना विक्री २००० सालापासून बंद केली, ती याच कारणासाठी.

तेल बदलताना टाकी रिकामी करून कोरडी करावी आणि वातही नवी घालावी. जुन्या तेलाने तुंबलेली वात नव्या तेलाचाही वास आणते. नवी वात घालून तेल भरल्यावर वीस मिनिटे ते अर्धा तास थांबून मगच पेटवावे. टाकी पाऊण भरावी आणि पाव उरली की दिवा विझवून, गार झाल्यावर पुन्हा भरावी. वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवावेत, नाहीतर ज्योतीला शिंगे फुटतात आणि त्या शिंगांतून काजळी उठते. पेटवल्यावर चार-पाच मिनिटे ज्योत लहान ठेवून काच तापू द्यावी. पण तासन्‌तास अगदी मंद ठेवू नये: थंड ज्योतीत तेलाची वाफ अर्धवट जळते आणि वास येतो तो तिचाच. बर्नरच्या बारीक छिद्रांत धूळ साचली की हवा अडते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बर्नर उकळून ती मोकळी करावीत.

कितीही शुद्ध तेल असले तरी एक लिटर जळताना सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड आणि लिटरभर पाण्याची वाफ खोलीत येते, आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही. त्याला वास नसतो. खिडकी थोडी उघडी हवीच.

उत्पादकांना आमची मागणी एवढीच आहे की बाटलीवर चार गोष्टी वाचता येतील अशा अक्षरांत छापाव्यात: तेल कशाचे आहे, फ्लॅश पॉइंट किती अंश सेल्सिअस, जास्तीत जास्त किती मिलिमीटरच्या वातीसाठी, आणि गिळल्यास काय करावे. झाकण मुलांना न उघडणारे असावे.

आपले,
दिव्यांची देखभाल-दुरुस्ती करणारे काही वाचक