पहिल्या तारखेपासून डबा बंद केलाय

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई मध्येच "ते राहू दे, तू जेवलीस का?" म्हणते आणि तो तिथंच संपतो. म्हणून लिहून पाठवतेय. जे आवडणार नाही ते आधी सांगते: पहिल्या तारखेपासून डबा बंद केलाय. काकूंशी बोलणं झालंय, पैसेही चुकते केलेत. आईच्या मनगटाचं प्लॅस्टर निघेपर्यंत, म्हणजे अजून साधारण पाच आठवडे, वरण-भात, भाजी, कोशिंबीर घरीच होईल आणि ती बाबा करतील.

डबा वाईट नव्हता. चाळीस माणसांचं सकाळी दहाला रांधून दुपारी एकला पोचवायचं तर मीठ-तेलाला हात राखून चालत नाही, त्यात काकूंचा दोष नाही. पण बाबांचं बीपी गेल्या दोन वेळी काय आलं ते तुम्ही दोघांनीही मला सांगितलं नाहीत, मला ते डॉक्टरांकडून कळलं. स्वयंपाकाला मावशी ठेवायचाही विचार केला होता. पण आई, तू त्यांच्या मागे उभी राहणार आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं लाटणं ओढून घेणार, हे मला इथं बसून दिसतं. बाबांच्या हातातून तू काही ओढून घेत नाहीस. गेल्या पन्नास वर्षांत घेतलेलं नाहीस.

स्वयंपाकघर तुझंच आहे. ओट्याजवळ खुर्ची ठेव, प्लॅस्टरचा हात उशीवर उंच ठेव आणि बसून सांग. उठायचं नाही, ओल्या भांड्यांजवळ जायचं नाही. फ्रीजवरचा डबा काढायला स्टुलावर चढायचं तर अजिबातच नाही. परत सांगणार नाही.

बाबा, "मला काय येतंय" हे म्हणू नका. हाताला चव असते म्हणतात ना, ती निम्मी वेळेत असते आणि निम्मी मापात. तुमचं आयुष्य पिंपरीला मायक्रोमीटर धरण्यात गेलं, तेव्हा वेळ आणि माप तुम्हाला कुणी शिकवायला नको. आईचा अंदाज हेही मापच आहे, फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी वजनकाटा पाठवलाय, तो याचसाठी. आई चिमूटभर म्हणाली की तिलाच डाव्या हाताची चिमूट घ्यायला सांगा. काटा एकेक ग्रॅमच दाखवतो, एका चिमटीला आकडा हलणार नाही. दहा चिमटी वाटीत टाका, वजन घ्या, दहानं भागा आणि वहीत लिहा.

कुकरपासून सुरू करू. आधी रिंग लावल्यावर झाकणातून पाणी ठिबकतंय का ते बघा. ठिबकत असेल तर रिंग सैल झालीय, नवीन आणा. शिट्टीचं भोक उजेडासमोर धरून आरपार दिसतंय ना, हे रोज बघायचं. तूर डाळ अर्धी वाटी, तीन पाण्यांत धुऊन अर्धा तास भिजवा. मग त्यात दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेलामुळे फेस कमी येतो. डाळीला पाणी फिल्टरचं घ्या, सोसायटीत टँकर आला असेल त्या दिवशी तर नक्कीच. जड पाण्यातल्या चुन्यामुळे डाळ शिजता शिजत नाही आणि आपण मात्र डाळीला नावं ठेवतो. चिंच, आमसूल, टोमॅटो आत्ता घालायचे नाहीत. आंबटानं डाळीचा गर घट्टच राहतो, मग कितीही घोटा, दाणा हाताला लागतो.

भाताला आंबेमोहर एक वाटी, पाणी दोन वाट्या. इंद्रायणी आणलात आणि तांदूळ नवा असेल तर पावणेदोन वाट्या पुरतं, नाहीतर गोळा होतो. कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग गॅस बारीक करून बारा मिनिटं.

शिट्ट्या मोजूच नका. गॅस मोठा असला की पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात आणि डाळ कच्चीच राहते. गॅस बारीक असला की शिट्टी होतच नाही आणि डाळ मेणासारखी शिजते. आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास किती वेळ राहिलं, एवढ्यावरच सगळं ठरतं. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, बस. त्यामुळे पहिलीची वाफ उडताना डोळ्यांनी बघितलीत की पुढची ऐकू आली काय आणि न आली काय, तुमचं काही अडत नाही. फोनचा टायमर थरथरेल असा लावून शर्टाच्या खिशात ठेवा. (कानाच्या यंत्राचे सेल बदललेत का? नुसतं विचारतेय.) गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं कुकरला हात लावायचा नाही. चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढायची तुमची सवय मला माहीत आहे. ती सोडा. आणि भरलेला कुकर उचलू नका, आधी झाकण काढा, मग सांडशीनं एकेक डबा.

वरण गरम असतानाच रवीनं घोटा आणि त्यात गरम पाणीच घाला. नीट न घोटता गार पाणी ओतलं की डाळ खाली आणि पाणी वर राहतं. आमटी हवी तर वाटीभर घोटलेल्या वरणाला वाटीभर पाणी, दोन चमचे चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला. पाच मिनिटं उकळली की झाली.

फोडणीला घाई केली की बिघडते. पळीत दोन चमचे तेल तापवा, मोहरीचा एक दाणा टाकून बघा. दोन-तीन सेकंदांत तडतडला तर तेल तयार. नुसता बसून राहिला तर थांबा, कारण न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. आधी मोहरी, मग जिरं, मग गॅस बंद, आणि त्यानंतर हिंग, हळद, तिखट. हळद-तिखट जळायला क्षणही लागत नाही आणि एकदा जळलं की काही करून सुधारत नाही, ती फोडणी टाकून द्या. कढीपत्ता धुतला तर पुसून कोरडा करा, नाहीतर तेल अंगावर उडतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

भाजी मंडईतून पिशव्या भरून आणू नका, एका वेळी पाव किलोच. पाव किलो कोबीला दोन चमचे तेलाची फोडणी पुरते. झाकण खोलगट घ्या आणि त्यावर वाटीभर पाणी ठेवा. आई हे करते तेव्हा तुम्ही कधी विचारलं नसेल का ते. पाण्यानं झाकण फार तापत नाही, म्हणून आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत भाजीतच पडते, आणि कमी तेलातही भाजी खाली लागत नाही. लागलीच तर झाकणावरचं गरम झालेलं पाणी आत घाला. दहा मिनिटांत होते. मीठ शेवटी, भाजी बसल्यावर. कच्च्या कोबीचा ढीग बघून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. पालेभाजीला तर हे दुप्पट लागू. भेंडी मात्र अख्खी धुऊन, पुसून मग चिरायची, झाकण ठेवायचं नाही आणि शेवटी दोन आमसुलं. नाहीतर तार सुटते.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट चमचाही नाही. दोघांचे दहा. रोज सकाळी काट्यावर वाटी ठेवून ८ ग्रॅम मीठ काढा आणि दिवसभर त्याच वाटीतून घ्या: आमटीला २, भाजीला २, कोशिंबिरीला १, रात्रीला २, उरलेलं ताकाला. राहिलेले २ ग्रॅम पोळ्या, बिस्किटं, बाकरवडी यांच्या नावावर. पापड आणि लोणचं या हिशेबात बसत नाहीत. आई, कैरीच्या लोणच्याची बरणी बाबांसमोर ठेवू नकोस. पहिले काही आठवडे सगळं अळणी लागेल, मग जीभ सरावते. कोशिंबिरीत मीठ जेवायला बसताना घाला, तेवढंच मीठ जास्त जाणवतं आणि काकडीला पाणीही सुटत नाही. ते कमी सोडियमचं मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

पोळ्या बाबांनी करायच्या नाहीत. वरण मापानं जमतं, पोळी मापानं जमत नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून रोज सहा पोळ्या आणा, भाजी आणू नका. भाकरीचा मोह झालाच तर ज्वारी ताजी दळलेली हवी आणि पाणी कढत. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेनं चिरते, त्यात तुमचा दोष नसेल.

रात्री पिठलं. अर्धी वाटी बेसन अर्ध्या वाटी गार पाण्यात आधी कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये. कांदा-लसणाच्या फोडणीत वाटीभर पाणी उकळवा, गॅस बारीक करा, एका हातानं ओता आणि दुसऱ्यानं ढवळा. झाकून सहा-सात मिनिटं, बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत. हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच उतरवा, ताटात जाईपर्यंत आळतं.

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. काही जंतूंचे बीज उकळूनही मरत नाहीत, भात ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि नंतर गरम करून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवा, तिसऱ्या दिवसावर ठेवू नका. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं होऊन गेली असतील तर बदला. वास आला तर खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू-बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा नंबर बाबांच्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला हवा.

आई, तुला कंटाळा आला, हात ठणकला, जेवण नको झालं, तर बाबांना गुरगुट्या भात करायला सांग. पाऊण वाटी तांदळाला चार वाट्या पाणी, बारीक गॅसवर वीस मिनिटं. वर तूप, मेतकूट, आणि तू मला भरवायचीस तसा मधे खळगा करून. डाव्या हातानं खायला लाज वाटते म्हणालीस परवा. चमचा घे गं. नाहीतर बाबा भरवतील, दार लावून घ्या.

काटा गुरुवारी पोचेल. त्यात सेल नसतात, ट्रिपल ए दोन लागतील, ते आधीच आणून ठेवा.

तुमची,
मनू