आधी काय सापडलं ते सांग

सोलापूर

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे शिकवायला मेडिकलच्या मुलांची बॅच आली हे ऐकून फार बरं वाटलं. मुलं रुग्णाच्या खाटेपाशी पोचायच्या आधीच मोबाइलवर एक्स-रे बघून येतात, ही तुझी तक्रार इकडेही आहे. बघू देत. रोगाचं नाव त्यांना आधी कळलं तरी मला चालतं. मी एवढंच विचारते, 'तुझ्या हाताला काय लागलं, कानाला काय आलं?' 'मॅडम, इफ्यूजन आहे', म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी साठलंय, हे उत्तर मी घेत नाही. छातीवर उजवीकडे खाली बोटानं ठोकलं की आवाज बद्द येतो, तिथं श्वासाचा आवाज कमी आहे, श्वासनलिका डावीकडे सरकली आहे, हे सांगून झालं की मग रोगाचं नाव घ्यायचं. सापडलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवायची सवय खाटेपाशी लागली, तर पुढं संशोधनाचा पेपर लिहिताना रिझल्ट्स (काय सापडलं) आणि डिस्कशन (त्याचा अर्थ काय) यांची खिचडी होत नाही.

परक्युशनला, म्हणजे छाती ठोकून तपासायला, घाई करू नकोस, एकेकाचा हात धरून शिकव. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधे घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ठोका मनगटातून द्यायचा आणि बोट लगेच उचलायचं. तिथंच ठेवलं तर आवाज दबतो. उजवीकडची एक जागा झाली की तीच डावीकडे. नखं कापलेली हवीत. खाली पाणी असेल तर ते कानाच्या आधी बोटाला कळतं. पण त्यासाठी मुलांनी आधी एकमेकांच्या निरोगी छात्या भरपूर ठोकलेल्या हव्यात.

मे महिन्यात इथं वॉर्डातला पंखा बंद करणं रुग्णाला नको वाटतं. पण बारीक मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, त्या घरघरीत हरवतो. 'छाती नीट ऐकू यावी म्हणून अर्धा मिनिट पंखा बंद करू का?' असं रुग्णाला विचारूनच मुलांनी बटणाला हात लावायचा, असा माझा नियम आहे. २०१९च्या बॅचपासून संवादकौशल्य एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलं, फार चांगलं झालं. मुलं ते खरं शिकतात ती अशा वेळी.

हिस्टरीत, म्हणजे रुग्णाला विचारून लिहिलेल्या माहितीत, 'व्यवसाय : मजुरी' एवढंच लिहून आणलं की मी केस परत पाठवते. सोलापुरात मजुरी म्हणजे यंत्रमाग, विड्या वळणं, सूतगिरणी, ऊसतोड, काहीही असू शकतं. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते आणि पुढच्या दिवसांत हलकी होते. बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची, ही खूण एक्स-रेत सापडत नाही, विचारावी लागते. विचारायला भाषा हवी. कानडी, तेलुगू बोलणारे रुग्ण आपल्याकडं रोजचे. कुठं दुखतं, कधीपासून, एवढं तरी मुलांना दोन्हींत यायला हवं. नातेवाईक मधे पडला की तक्रार बदलून येते.

छाती ठोकून तपासायची रीत डॉक्टर ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये व्हिएन्नात छापली, लॅटिनमध्ये. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८०८ मध्ये पॅरिसचे डॉक्टर कोर्व्हिसार्त यांनी स्वतःच्या अनुभवाची भर घालून ती फ्रेंचमध्ये आणली, तेव्हा कुठं ती पसरली. मधे ४७ वर्षं गेली! तपासणी खरी होती, ती डॉक्टरांपर्यंत नीट पोचली नव्हती. पेपर लिहायचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे जरूर सांग. पुढं १८१६ मध्ये स्टेथोस्कोप बनवणारे लाएनेक हे कोर्व्हिसार्त यांचेच विद्यार्थी.

आता तुझ्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या पोस्टरविषयी. चार रुग्णांपैकी तिघं बरे झाले असतील तर '७५ टक्के' लिहू देऊ नकोस, '४ पैकी ३' लिहायला लाव. औषध दिल्यावर बरं वाटलं म्हणजे औषधामुळंच वाटलं असं होत नाही. तुलनेला दुसरा गट नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. फोटो लावणार असाल तर लेखी संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवी. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की भागलं असं मुलांना वाटतं, पण माणूस तेवढ्यानं ओळखू यायचा राहत नाही.

मसुदा झाला की पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी असते, तक्ते आपण फोनवर एकेक करून बघू.

तुझी,
आई