थॅचरबाईंच्या पोटात काय असेल?

रत्नागिरी,
१८ डिसेंबर २०१६

प्रिय अवी,

'तुझं पत्र मिळालं' असं लिहायची सोय तू ठेवलेली नाहीस. व्हॉट्सॅपवर दीड ओळ आणि वर अंगठा, एवढाच तुझा पत्रव्यवहार. पण हा विषय अंगठ्याने आटपणारा नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. वहिनींनी 'एवढं काय लिहिलंय' म्हणून विचारलं तर सांग, घरचं गंभीर काम आहे.

तर बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेच्या नव्या सीझनच्या तिन्ही भागांची नावं आता हातात आली: 'द सिक्स थॅचर्स', 'द लाइंग डिटेक्टिव्ह' आणि 'द फायनल प्रॉब्लेम'. जुलैमध्ये मालिकेचे लेखक मोफॅट-गॅटिस या जोडगोळीने सवयीप्रमाणे नुसते तीन शब्द फेकले होते, थॅचर, स्मिथ, शेरिनफोर्ड, आणि आपल्याला जवळजवळ पाच महिने कोड्यात टाकलं. १ जानेवारीला तू तिथे रेडिंगला सोफ्यावर पाय पसरून पहिला भाग बघशील. इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असेल. मी बघेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. 'भारी होता' एवढंसुद्धा नाही. तुझ्या 'भारी'वरून मला कळतं कोण मेलं ते.

माझे अंदाज मात्र आधीच लेखी देऊन ठेवतो, म्हणजे नंतर 'हे तर मला माहीतच होतं' म्हणायची सोय कुणालाच उरणार नाही.

आधी या दोघांची खोड सांगतो, कारण सगळे अंदाज तिच्यावरच उभे आहेत. मूळ कथेत काय घडतं एवढं बघून यांचा माग लागत नाही. ती कथा वाचलेला माणूस काय धरून चालेल, ते बघायचं. ज्याने मूळ कथा लिहिणारा डॉईल वाचलेलाच नाही त्याला हे निमूट गोष्ट सांगतात. फसवतात ते आपल्यासारख्यांना. आठव, अगदी पहिल्या भागात, २०१० साली. पुस्तकात भिंतीवर रक्ताने 'राखे' लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला वाटतं रेचल हे नाव अर्धवट राहिलंय, आणि होम्स त्याला ऐकवतो की हा सूड या अर्थाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत जर्मन सुचतं ते पोलिसांच्या त्या बिचाऱ्या अँडरसनला, आणि शेरलॉक त्याला हाकलून म्हणतो, छे, रेचलच! आपण दोघं होम्स शिकलो भालबा केळकरांच्या मराठीतून. इतकी वर्षं उराशी धरलेलं उत्तर यांनी अँडरसनच्या तोंडी घालून चुकीचं ठरवलं. त्या दिवशी मी यांना मानलं.

बास्करव्हिलचंही तेच. पुस्तकातला खुनी स्टेपलटन, त्यामुळे वाचलेला माणूस ते नाव ऐकताच टपून बसतो. यांनी स्टेपलटन केली प्रयोगशाळेतली एक बाई, गुन्ह्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आणि पुस्तकात शेजाऱ्यापाजाऱ्यांवर खटले भरत बसणारा तो विनोदी म्हातारा फ्रँकलंड, त्यालाच खुनी केलं. मिल्व्हर्टनच्या गोष्टीत ब्लॅकमेल करणाऱ्याला एक बाई गोळ्या घालते आणि होम्स पडद्याआड लपून बघत राहतो. मालिकेत पिस्तूल घेतलेली बाई आहे, पण तिची गोळी लागते शेरलॉकला, आणि त्या माणसाला शेवटी मारतो तो शेरलॉक. सामान सगळं मूळ घरातलंच, फक्त खोल्या बदललेल्या.

आता थॅचर. हा भाग ज्या कथेवरून घेतलाय ती सहा नेपोलियनांची गोष्ट तू विसरला असशील तर थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये कुणीतरी नेपोलियनचे प्लॅस्टरचे अर्धपुतळे शोधून शोधून फोडतोय. सहा पुतळे एकाच घाण्यातले. तीन एका दुकानात गेले, तीन दुसऱ्या. पोलीस मागे लागलेले असताना बेप्पो नावाच्या कारागिराने त्यातल्या एकाच्या ओल्या प्लॅस्टरमध्ये बोर्जियांचा काळा मोती खुपसलेला. सहावा पुतळा घेऊन जो सज्जन बेकर स्ट्रीटला येतो तो कुठला, सांग? रेडिंगचा! लोअर ग्रोव्ह रोड, रेडिंग. हा सँडफर्ड मला फार आवडतो. होम्स दहा पौंड द्यायला निघालेला, आणि हा म्हणतो, मी पुतळा पंधरा शिलिंगांना घेतलाय, पैसे घेण्याआधी हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या गावचे लोक अजून असे आहेत का रे? मालिकेत हा माणूस राहिला तर मी नवस फेडीन, पण राहणार नाही. भल्या माणसाला टीव्हीवर जागा नसते.

नेपोलियनच्या जागी ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थॅचरबाई हे मात्र मला एकदम पटलं. कथेत वॉटसनला वाटतं की नेपोलियनवर खार खाऊन असलेला कुणी माथेफिरू हे करतोय. आता १९०४ साली नेपोलियन जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झालेली. त्याच्यावरच्या रागाने लोकांच्या घरात शिरून पुतळे कोण फोडील? थॅचरबाई जाऊन चार वर्षंसुद्धा झाली नाहीत. त्या गेल्या तेव्हा काही गावांतून लोकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला होता. खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप तिकडे अजून कुणी विसरलेलं नाही. आणि पुतळा फोडण्याचं म्हणशील तर ते खरंच घडलंय. २००२ साली लंडनच्या गिल्डहॉलमध्ये एका माणसाने बाईंच्या आठ फुटी संगमरवरी पुतळ्याचं डोकं उडवलं. आधी क्रिकेटची बॅट घालून बघितली, तिने काही होईना, मग दोरखंड लावायचा लोखंडी खांब उचलून हाणला. संगमरवरावर बॅट चालवणाऱ्या त्या माणसाबद्दल मला उगाचच माया वाटते. सांगायचा मुद्दा, डॉईलच्या गोष्टीत जी दिशाभूल लंगडी होती ती आज स्वतःच्या पायावर उभी राहते. वेड्याचा, राजकारणाचा संशय या वेळी खरा वाटेल. तो पहिली वीस मिनिटं टिकवतील.

मग मोती. इथे मी पैसे लावायला तयार आहे. त्यांना पक्कं माहीत आहे की निम्म्या प्रेक्षकांना मोती ठाऊक आहे. म्हणून ते मोत्याचं नाव लपवणार नाहीत, उलट पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर आणून ठेवतील: बोर्जियांचा काळा मोती हरवलाय, शेरलॉक शोधून द्या. शेरलॉकच्याही डोक्यात मोतीच बसेल. तो आपल्यासारखाच, गोष्ट आधी वाचून आल्यासारखा, ऐटीत सहावा पुतळा फोडेल आणि आत मोती नसेल.

काय असेल? मागच्या सीझनमध्ये मेरीने नवऱ्याच्या, म्हणजे जॉन वॉटसनच्या, हातात दिलेला पेनड्राइव्ह आठव, ए.जी.आर.ए. लिहिलेला. तिचं सगळं पूर्वायुष्य त्यात होतं, आणि जॉनने तो न बघता ख्रिसमसच्या दिवशी शेकोटीत टाकला. तेव्हा सगळे हळहळले, मी मात्र तेव्हापासून विचार करतोय की पेनड्राइव्हची दुसरी प्रत नसते असं कुणी सांगितलं? त्यात 'आग्रा' हा तर 'साइन ऑफ द फोर'मधला खजिना. तिथे तो खजिना मेरीच्या वाट्याला येता येता थेम्सच्या तळाशी जातो. एवढी चांगली वस्तू एकदाच वापरून ही जोडगोळी जाळून टाकेल? अशक्य. तेव्हा माझा अंदाज: थॅचरबाईंच्या पोटात मेरीचा भूतकाळ, आणि बेप्पोच्या जागी तिच्या जुन्या धंद्यातला कुणीतरी.

एक बारीकशी गोष्ट बघून ठेव. मूळ कथेत चोर पुतळा पळवतो आणि एका रिकाम्या घराच्या बागेत नेऊन फोडतो. होम्स विचारतो, इथेच का? वाटेत आधी एक रिकामं घर होतंच की. कुणालाच उत्तर सुचत नाही. तो नुसतं डोक्यावरच्या रस्त्याच्या दिव्याकडे बोट करतो. चोराला पुतळा नुसता फोडायचा नव्हता, फोडल्यावर आत बघायचं होतं. संबंध गोष्ट त्या एका दिव्यात आहे. आजच्या लंडनमध्ये उजेडाला तोटा नाही आणि प्रत्येकाच्या खिशात टॉर्च आहे, तरी हा दिवा ते सोडणार नाहीत. कसा बसवतात ते बघायची मला खुनापेक्षा जास्त उत्सुकता आहे.

आणि जे ते सोडतील असं वाटतं, ते मला सर्वांत प्रिय. होम्स टेबलावर पांढरं कापड पसरतो, पुतळा मधोमध ठेवतो आणि चाबकाच्या मुठीने एक फटका. तुकड्यांतून मोती उचलून दाखवल्यावर वॉटसन आणि लेस्ट्रेड क्षणभर गप्प बसतात आणि मग नाटकाला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवतात. होम्सच्या फिकट गालांवर रंग चढतो, तो लवून नमस्कार करतो. मग लेस्ट्रेड, जन्मभर ज्याची टर उडवली तो लेस्ट्रेड, त्याला सांगतो की स्कॉटलंड यार्डात आम्ही तुमच्यावर जळत नाही, आम्हाला तुमचा अभिमान आहे. उद्या आलात तर सगळ्यात जुन्या इन्स्पेक्टरपासून पोरगेल्या शिपायापर्यंत प्रत्येकाला तुमच्याशी हात मिळवायला आवडेल. होम्स 'थँक यू' म्हणून तोंड फिरवतो. ग्रॅनडा टीव्हीच्या जुन्या होम्स मालिकेत जेरेमी ब्रेटने हे जे केलंय ते तू बघितलं नसशील तर आधी बघ. मोफॅट-गॅटिसना असा साधा लेस्ट्रेड परवडत नाही. त्यांच्याकडे पुतळा फुटतो तेव्हा बंदूक हवी, मारामारी हवी, आणि कुणाच्या तरी बालपणीचं दुःख हवं. माझी यांच्यावर खरी नाराजी ही आहे. केस सोडवून झाल्यावर दोन माणसं खुर्चीत बसून खूश होतात, एवढ्यावर यांचं भागत नाही. सगळं घरातच आलं पाहिजे: भाऊ, बायको, आईबाप, लहानपणचा कुत्रा.

दुसरा भाग स्मिथचा, म्हणजे 'डाइंग डिटेक्टिव्ह' या मूळ कथेतल्या खलनायकाचा. टोबी जोन्स हा नट आलाय म्हणजे स्मिथ तोच. 'डाइंग डिटेक्टिव्ह'मध्ये होम्स मरायला टेकल्याचं सोंग करतो. तीन दिवस अन्नपाणी नाही, कपाळाला व्हॅसलिन, डोळ्यांत बेलाडोना, गालांना लाली, ओठांवर मेणाच्या खपल्या. वॉटसनला जवळ फिरकू देत नाही. संसर्गाचं कारण पुढे करतो, पण डॉक्टरने नाडी धरली तर बिंग फुटेल ही खरी भीती. मध्येच बरळतो की समुद्राचा तळ कालवांनी भरून कसा जात नाही. कालवांचं वाक्य आपण मिऱ्याच्या खडकांवर बसून किती वेळा म्हटलं असेल!

आता नावातच 'लाइंग' म्हटलंय. खोटेपणा एवढा उघड जाहीर केला म्हणजे आजारपण खोटं नसणार, हे आलंच. सोंग केलंय असं आपल्याला वाटत राहील आणि तो खरोखरच मरणाच्या दारात असेल. नशापाण्याची बाजू त्यांनी मागच्या भागांतून पद्धतशीर तयार करून ठेवलेली आहेच. सुमात्राचा मळेवाला आज चालणार नाही, तेव्हा स्मिथ औषध कंपनीचा मालक करतील, असं मला वाटतं. कबुलीजबाब पकडायला पलंगामागे लपलेल्या वॉटसनची गरज उरलेली नाही, मोबाइल पुरे. पण म्हणूनच स्मिथ आधी मोबाइल काढून घेईल. मग आवाज टिपणारं यंत्र ठेवायचं कुठे, यावर तूही डोकं चालव. माझं अडलंय.

शेरिनफोर्डवर फार लिहीत नाही, त्यावर जगभर रणं माजली आहेत. डॉईलने पहिल्या टिपणात होम्सला हेच नाव दिलं होतं. पुढे १९६२ साली बॅरिंग-गूल्डने होम्सचं चरित्र रचताना ते एका थोरल्या भावाला देऊन टाकलं, कारण जमीनदार घराण्यात शेतीवाडी बघायला कुणीतरी मागे राहिलंच असणार. शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट मागच्या सीझनमध्ये 'त्या दुसऱ्याचं' काय झालं म्हणून बोलून गेलाच आहे. माझ्याच नियमाने पाहिलं तर सगळे भाऊ म्हणतात म्हणजे भाऊ नसायला हवा. पण मग शेरिनफोर्ड म्हणजे काय, गावाचं नाव? तेव्हा नियम गुंडाळून ठेवतो आणि भावावरच लावतो. मेरी जाणार हे नक्की, डॉईलनेही तिला एका ओळीत संपवलंय. पण ती तिसऱ्या भागात जाईल. टीव्हीवाले अंत्यविधी शेवटालाच राखून ठेवतात.

पैज अशी: पेनड्राइव्ह निघाला तर मे महिन्यात येताना ब्रेटच्या डीव्हीडींचा संच तू आणायचा. मोती निघाला तर हापूसची एक पेटी माझ्याकडून, तीसुद्धा आमच्या बागेतली. तुझे अंदाज ३१ तारखेच्या आत पाठव. नंतर आलेले धरले जाणार नाहीत, आणि अंगठा अंदाज म्हणून चालणार नाही.

आईचा गुडघा बरा आहे, जिना चढायला लागली आहे. वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
सुहास

ता. क. शेरलॉकचा हाडवैरी मॉरियार्टी राहिलाच. तो मेलाय. छपरावर स्वतःच्या तोंडात पिस्तूल झाडून घेतलेला माणूस आहे तो. व्हिडिओत येईल, स्वप्नात येईल, जुन्या आठवणीत येईल. चालत आला तर आंब्यांची पैज रद्द.